सेवेआधी शेजार

१९३२ च्या उन्हाळ्यात डोनाल्ड वॉट हा अमेरिकी गृहस्थ २३ अमेरिकी मुलांना घेऊन युरोपला गेला. पहिल्या महायुद्धात ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडत होते, त्या देशांची मुलं स्वित्झर्लंडमधल्या एका शिबिरात एकत्र ठेवायची, त्यांनी सोबत खेळावं, डोंगर चढावेत आणि त्यातून मैत्री व्हावी, असा त्याचा बेत होता. शिबिर पार पडलं, पण वॉटचं समाधान झालं नाही. मुलं एकत्र राहत होती, तरी आपापल्या भाषेच्या कोंडाळ्यातून बाहेर पडत नव्हती. पुढच्या वर्षी त्याने शिबिराचा नाद सोडला आणि आपल्यासोबतच्या तरुणांना जर्मन कुटुंबांमध्ये राहायला पाठवलं. त्याच्या संस्थेचं नाव ‘द एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून तिचं काम पुढे अनेक दशकं चालत राहिलं.

शिबिराऐवजी घर हा बदल वरवर पाहता राहण्या-जेवण्याच्या सोयीचा वाटतो. पण शिबिरात मुलगा आपल्यासारख्यांमध्ये असतो, आणि परक्या घरात सर्वांत कमी कळणारा माणूस तोच असतो. अंघोळीला कधी जायचं, आजोबांच्या खुर्चीत बसलेलं चालतं का, नको असलेला पदार्थ ताटात वाढला तर काय करायचं, हे त्याला घरातलं सहा वर्षांचं पोरही शिकवू शकतं. विचारायचं तर त्यांच्याच भाषेत विचारावं लागतं, आणि चुकलं की सगळे हसतात. देणारा म्हणून मिरवायला तिथे जागाच नसते.

परदेशात एखाद्या घरात राहायचं, तिथली भाषा शिकायची आणि तिथल्या लोकांच्या कामाला हातभार लावायचा, अशा तिहेरी शिक्षणाबद्दल हे प्रकरण आहे. आज जगभरातल्या शेकडो संस्था या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून देतात. माझं म्हणणं त्यांच्या क्रमाबद्दल आहे. राहणं आणि भाषा आधी झाली तर सेवेला अर्थ येतो. क्रम उलटला तर पाहुणा आणि यजमान दोघांचंही नुकसान होऊ शकतं, आणि त्यातही यजमानाचं जास्त.

वॉटच्या कार्यक्रमातून १९३४ मध्ये जर्मनीत जाऊन राहिलेल्या तरुणांत सार्जंट श्रायव्हर हा विद्यार्थी होता. पुढे तो अशा गटांचा प्रमुखही झाला. १४ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दोन वाजता, मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभं राहून अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उतरलेल्या जॉन केनेडींनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं की, आयुष्याची काही वर्षं परक्या देशात काम करायला तुमच्यातले किती जण तयार आहेत? अध्यक्ष झाल्यावर, १ मार्च १९६१ रोजी, त्यांनी परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या ‘पीस कोअर’ची स्थापना केली आणि तिचा पहिला संचालक म्हणून आपल्या मेव्हण्याला, म्हणजे श्रायव्हरला नेमलं. पीस कोअरच्या घडणीत वॉटच्या धड्याची सावली मला स्पष्ट दिसते. साधारण तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्यात स्थानिक भाषेवर भर. मग दोन वर्षं त्या लोकांमध्ये वास्तव्य, हाती पैसेही तिथल्या राहणीला पुरतील इतकेच. भारतात पहिली तुकडी डिसेंबर १९६१ मध्ये पंजाबात उतरली. १९७६ मध्ये इथलं काम थांबेपर्यंत चार हजारांच्या आसपास स्वयंसेवक भारतात राहून गेले. कुणी कोंबड्या पाळायला शिकवलं, कुणी शाळेत शिकवलं, कुणी दवाखान्यात काम केलं.

त्यातली एक बाई मुंबईत विक्रोळीला आली होती. लिलियन कार्टर. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावातली परिचारिका, जन्म १८९८ चा. गोऱ्यांनी काळ्यांच्या दारात जायचं नाही असा जिथे दंडक होता, तिथे ती काळ्या कुटुंबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. नवरा वारल्यावर, मुलं मोठी झाल्यावर, सेवेला वयाची अट नाही अशी पीस कोअरची जाहिरात तिने टीव्हीवर पाहिली आणि अर्ज केला. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ती भारतात आली. येण्याआधी शिकागोमध्ये तिला मराठी शिकवण्यात आली होती. जॉर्जियातली एक आजीबाई उतारवयात आपली बाराखडी गिरवत बसली असेल, हे डोळ्यांसमोर आणलं की मला फार भरून येतं.

विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत तिला आधी कुटुंबनियोजनाचं काम दिलं गेलं. ते तिला रुचलं नाही. वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम मिळाल्यावर मात्र ती रमली. जखमा धुणं, सुया टोचणं, कुष्ठरुग्णांची देखभाल. घरी पाठवलेल्या तिच्या पत्रांचं पुस्तक १९७७ मध्ये निघालं, त्याच वर्षी तिचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा अध्यक्ष झाला होता. एकटेपणा, थकवा, भोवतालचं दारिद्र्य पाहून होणारा त्रास, आणि मग हळूहळू माणसांत मिसळत जाणं, असा प्रवास त्या पत्रांत दिसतो.

जिमी कार्टर तिच्याबद्दल एक हकिकत सांगत असत. वसाहतीतला माळी आपल्या मळ्यातली भाजी तिला आणून द्यायचा. भाजी नुसती घ्यायची कशी, म्हणून ती त्याच्या मुलीला लिहा-वाचायला शिकवू लागली. पुढे अनेक वर्षांनी कार्टर विक्रोळीला गेले, तेव्हा ती मुलगी शिकून एका विद्यापीठात मोठ्या पदावर पोचल्याचं त्यांना कळलं. दवाखान्यात तिने किती सुया टोचल्या हे कुणाला आठवत नसेल. भाजीच्या बदल्यात दिलेली शिकवणी मात्र टिकली. त्यात दोघांनी दिलं आणि दोघांनी घेतलं. ते कुठल्याही प्रकल्पाच्या कागदावर नव्हतं, शेजारधर्मातून उगवलं होतं.

दोन वर्षं कशाला, दोन महिने पुरत नाहीत का, असा प्रश्न पडतो. त्याचं एक उत्तर त्याच्या थोड्या आधीच्या संशोधनात आहे. १९५४ मध्ये कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने रिओ द जानेरोत दिलेल्या व्याख्यानात ‘सांस्कृतिक धक्क्या’ची कल्पना मांडली, आणि ती जगभर पसरली. पहिले काही आठवडे सगळं नवं म्हणून सुंदर वाटतं. मग तेच सगळं चिडवू लागतं, पाणी, अन्न, उशीर, गोंगाट, लोकांचं बघणं. आपल्या देशातली माणसं गाठून यजमानांच्या तक्रारी करत बसावंसं वाटतं. त्यातून जो तरून जातो त्याला हळूहळू तिथलं जगणं आतून कळू लागतं. पुढच्याच वर्षी स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक तिथे बऱ्यापैकी रुळलेले दिसले, मधल्या मुदतीचे त्या मानाने कमी. खाली उतरून पुन्हा वर चढणारी ही रेघ सर्वांना लागू पडते असं नाही, नंतरच्या संशोधकांनी तिच्यावर बऱ्याच शंका घेतल्या आहेत. काहींना पहिल्याच आठवड्यात रडू येतं. पण एक गोष्ट तिच्यातून समजते. सहा आठवड्यांत परत येणारा विद्यार्थी खूश होऊन येतो, तेव्हा तो अजून पहिल्याच पायरीवर असण्याची शक्यता असते. त्याच्या आनंदावरून कार्यक्रमाची पारख करता येत नाही.

लिलियन कार्टर भारतातून परतली त्याच वर्षी, एप्रिल १९६८ मध्ये, या सगळ्या विचारावर सर्वांत कडक हल्ला झाला, आणि तो घरातल्याच माणसाने केला. इव्हान इलिच हा व्हिएन्नात जन्मलेला कॅथलिक धर्मगुरू मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका इथे एक केंद्र चालवत असे. लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना आणि स्वयंसेवकांना तिथे स्पॅनिश शिकवली जाई. उन्हाळी सुटीत मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या परिषदेने त्याला बोलायला बोलावलं. त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं की तुम्ही येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांना तुम्ही नकोसे झालात तरी ते तुम्हाला सांगू शकत नाहीत, आणि सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही. गरिबांसाठी राबायचं असेल तर आपल्या देशातल्या गरिबांमध्ये जा, ते निदान तुम्हाला हाकलू तरी शकतील. मेक्सिकोत यायचंच असेल तर बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका.

हे भाषण आजही अशा कार्यक्रमांच्या तयारीत विद्यार्थ्यांना वाचायला देतात, आणि ते योग्यच आहे. इलिचचा मुद्दा मला बहुतांशी पटतो. पहिल्या महिन्यांत परदेशी विद्यार्थी करतो त्या कामाची किंमत फार थोडी असते. त्याच्या विमानाच्या तिकिटाच्या पैशांत स्थानिक माणसाला कित्येक महिने पगार देता आला असता. विहीर खणायला आलेल्या पोरांना कुदळ धरता येत नाही, आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला गावातल्या दोन माणसांना काम सोडून थांबावं लागतं. या काळात गाव त्या विद्यार्थ्याला मदत करत असतं. हे मोकळेपणाने कबूल केलं तर पुढचा मार्ग दिसतो, कारण मग विद्यार्थी शिकणारा म्हणून वागतो आणि शिकवणाऱ्याचा मान राखतो.

हे न मानण्याचे परिणाम किती वाईट होऊ शकतात, त्याचं उदाहरण अनाथाश्रमांचं आहे. कंबोडिया आणि नेपाळमध्ये परदेशी तरुणांच्या मायेच्या ओढीवर अनाथाश्रम वाढले, आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पुढे उघड झालं. पैसे भरणारे स्वयंसेवक येत राहावेत म्हणून गरीब घरांतून मुलं आणली जात होती. दोन-तीन आठवडे कडेवर घेऊन निघून जाणाऱ्या अनोळखी माणसांची सवय मुलांना लागते, ती जखम वेगळीच. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये या प्रकाराकडे मुलांच्या तस्करीचा प्रश्न म्हणून पाहिलं. लहान मुलांच्या थेट देखभालीचं काम अल्पमुदतीच्या पाहुण्याला देणारा कोणताही कार्यक्रम नाकारावा असं माझं ठाम मत आहे.

इलिचच्या आक्षेपाला माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उत्तर महाराष्ट्रात, जामखेडला मिळालं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहीनात, आणि राहिल्या तरी बाया त्यांच्यापाशी मन मोकळं करीनात. तेव्हा गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवायचं ठरलं. त्यांतल्या कित्येक जणी निरक्षर आणि दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, एकत्र मुक्काम करत आणि एकेक विषय शिकून गावी परतत: बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग, क्षयरोग. १९७१ मध्ये तिथला बालमृत्यूदर हजारी १७६ होता, १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो ३० च्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कामाची कीर्ती ऐकून परदेशांतून वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला येऊ लागले, आणि पुढे त्यांच्यासाठी प्रशिक्षण संस्थाच उभी राहिली. तिथे शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविका असतात. परदेशातल्या नामांकित विद्यापीठाचा विद्यार्थी दुभाष्यामार्फत नऊवारीतल्या बाईला विचारतो की, बाळंतिणीला बाहेरच्या खोलीत ठेवायची रीत तुम्ही कशी मोडली? ती सांगते आणि तो वहीत लिहून घेतो. तो जामखेडचं काही भलं करायला आलेला नसतो. आपल्या देशात किंवा आणखी कुठे जाऊन वापरायला तो इथून पद्धत घेऊन जातो. कोण कोणाला देतं आहे याबद्दल इथे कुणाच्या मनात गोंधळ नाही, म्हणून कुणाचा मानभंगही होत नाही.

पुण्याच्या पेठांतल्या आणि डेक्कन भागातल्या अनेक घरांना या गोष्टीचा यजमानांच्या बाजूने अनुभव आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या कॉलेजांच्या संघाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात भारतविद्येचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो अनेक दशकं चालवला. मुलं इथल्या कुटुंबांत राहायची, मराठी शिकायची आणि एकेक विषय घेऊन स्वतःचा प्रकल्प करायची. या संघातल्या कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट शिकवत असत. डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवरचा त्यांचा अभ्यास मराठी वाचकांना ठाऊकच आहे. ‘आमच्याकडे एक अमेरिकन मुलगी राहायची’ असं सांगणारी मावशी पुण्यात आजही भेटते. ती मुलगी वरण-भात कालवायला कशी शिकली, गणपतीत आरतीला सर्वांत आधी कशी उभी राहायची, हे ती कौतुकाने सांगते.

फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांचं आयुष्य म्हणजे हा क्रम अगदी शेवटपर्यंत नेला तर काय होतं त्याचं उदाहरण. मिशिगनमध्ये वाढलेल्या मॅक्सीनबाई १९६१ मध्ये हैदराबादच्या एका कॉलेजात शिकवायला आल्या आणि तिथे मराठी शिकू लागल्या. पुढे भाषाशास्त्रातल्या पीएच.डी.साठी त्यांनी फलटणच्या लोकांच्या बोलीतले फरक हा विषय घेतला. म्हणजे कैक महिने त्यांचं काम एकच होतं, लोकांचं बोलणं ऐकणं. इरावती कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी लोकांना मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. फलटणच्या दलित वस्तीतली मुलं शाळेत टिकत नाहीत, त्यांना वाचता येत नाही, हे पाहून त्यांनी वर्ग सुरू केले, आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. पहिलं मूल त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसलं तोवर त्या मुलाच्या घरात मराठी कशी बोलतात हे त्यांना त्या घराइतकंच माहीत झालं होतं. मुलांना वाचायला शिकवण्याची त्यांची पद्धत तिथूनच आली, बाहेरून आणलेली नव्हती.

आता आपल्या मुलांकडे पाहू. मराठी मुलं परदेशात शिकायला मोठ्या संख्येने जातात, पण बहुतेक जण दुसऱ्या मराठी किंवा तेलुगू मुलांसोबत खोली घेऊन राहतात, वॉटच्या शिबिरातल्या कोंडाळ्यासारखे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, भाडं आणि कर्ज डोक्यावर असतं. तरी वेगळे मार्ग आहेत. शाळकरी मुलांसाठी अमेरिकी सरकारने २००२ मध्ये ‘केनेडी-लुगार यूथ एक्स्चेंज अँड स्टडी’ ही शिष्यवृत्ती सुरू केली, आणि भारतातली मुलंही तिच्यावर एक शैक्षणिक वर्ष अमेरिकी घरांत राहून आली आहेत. शाळेबरोबर गावातलं सेवाकार्यही त्यांना करावं लागतं: अन्नपेढीत डबे भरणं, वाचनालयात मदत, वृद्धाश्रमात वाचून दाखवणं. यजमान कुटुंबाला याचा मोबदला मिळत नाही, फार तर दरमहा ५० डॉलरपर्यंत करवजावट. पैशाशिवाय वर्षभर परकं मूल सांभाळणारं घर, आणि त्या घराला आपलं मानणारं मूल, हे नातं मला या साऱ्या व्यवस्थेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तरुणांसाठी जर्मनीचा मार्ग आहे. तिथे १९६४ पासून ‘सामाजिक स्वयंसेवेचं वर्ष’ कायद्याने चालतं. सक्तीची लष्करभरती २०११ मध्ये स्थगित झाल्यावर, लष्कराऐवजी रुग्णालयांत राबणाऱ्या मुलांची जागा भरायला ‘केंद्रीय स्वयंसेवा’ही सुरू झाली. दोन्हींत परदेशी तरुणांना जाता येतं. वृद्धाश्रम, बालवाडी, अपंगांची निवासस्थानं इथे आठवडाभर पूर्णवेळ काम, हातखर्चाला थोडे पैसे, विमा, बऱ्याच ठिकाणी राहण्या-जेवण्याची सोय, आणि तरुणांना वर्षात २५ दिवस शिकण्यासाठी राखून ठेवलेले. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्या मुलांना ही वाट जवळची आहे. पण तिच्यावर निघताना एक गोष्ट मनाशी पक्की करावी. नव्वदीच्या म्हातारीला अंघोळ घालताना व्याकरणाच्या परीक्षेतले गुण कामी येत नाहीत. तिला पाणी कोमट वाटतं आहे की गार, हे तिच्या गावच्या बोलीत ओळखायला यावं लागतं. पहिले तीन-चार महिने सहकारीच तुम्हाला सांभाळून घेतात. विद्यार्थी दोन महिन्यांत कंटाळून परत आला तर त्यांची ती सारी मेहनत वाया जाते.

कार्यक्रम निवडताना फीच्या आणि फोटोंच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. या कामाला बाहेरचा माणूस हवा असं त्या ठिकाणच्या लोकांनी म्हटलं आहे का? तुमच्या आधी हे काम कोण करत होतं, आणि तुम्ही आलात म्हणून कुणाचा पगार गेला का? तुम्ही परतल्यावर ते कोण करणार? माहितीपत्रकात ही उत्तरं सापडत नाहीत. आधी जाऊन आलेल्या मुलांना, आणि शक्य असेल तर ज्या गावात जायचं तिथल्या एखाद्या माणसाला फोन केला, तर ती मिळतात. तो फोन त्या गावच्या भाषेत, चुकतमाकत का होईना, करता येईपर्यंत तिकीट काढायची घाई करू नये.